कला शाखेवर ठराव घेण्याआधी : शिक्षणसंस्थांच्या संचालक मंडळांना खुले पत्र

मा. अध्यक्ष, सचिव आणि संचालक मंडळाचे सर्व सदस्य यांस,

सविनय नमस्कार.

दर वर्षी प्रवेशाचे दिवस जवळ आले की तुमच्या बैठकांच्या विषयपत्रिकेवर एक विषय येतो : 'विद्यार्थीसंख्येअभावी पुढील विषय बंद करण्याबाबत'. त्या खालची यादी आधी तत्त्वज्ञान आणि संस्कृतपासून सुरू व्हायची. मग त्यात हिंदी आली, मानसशास्त्र आलं, इतिहास आला. आता कुठे कुठे मराठीही दिसू लागली आहे. पटसंख्या वाचून दाखवली जाते, शिक्षकाच्या तासांचं वर्कलोड भरत नाही हे सांगितलं जातं आणि विषय पाच मिनिटांत संपतो. पुढचा विषय बीसीए किंवा बीबीएच्या विनाअनुदानित तुकडीचा असतो.

मी तालुक्याच्या गावातल्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवते. तुमच्या अडचणी मला माहीत आहेत. अनुदान वेळेवर येत नाही, मंजूर पदं वर्षानुवर्षं भरली जात नाहीत, इमारतीची दुरुस्ती, नॅकच्या मूल्यांकनाचा खर्च, शेजारच्या तालुक्यात निघालेलं नवं कॉलेज, या सगळ्याचा ताळमेळ तुम्हालाच घालायचा असतो. विषय बंद करणाऱ्या माणसाला त्या विषयाचं वाकडं असतं असं मी मानत नाही. पण त्या पाच मिनिटांत जे बोललं जात नाही ते कुठेतरी बोललं गेलं पाहिजे, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे : समाजाला स्वतःचे कागद, स्वतःची भाषा आणि स्वतःची माणसं वाचता येणारे लोक लागतात. असे लोक गरज पडल्यावर जाहिरात देऊन मिळत नाहीत. ते आधीपासून तयार होत राहावे लागतात, आणि तुम्ही बंद करताय त्या वर्गांतच ते तयार होतात.

सप्टेंबर २०२३ आठवून पाहा. मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वादात कोणाची बाजू बरोबर, हा या पत्राचा विषय नाही. मला सांगायचं आहे ते अभिलेख कक्षांबद्दल. तहसील कचेऱ्यांमधले गठ्ठे खाली उतरवले गेले. जन्म-मृत्यूच्या नोंदींचे गाव नमुना नंबर १४, शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरं, भूमी अभिलेखची जुनी पत्रकं, सगळं टेबलावर आलं. आणि मग लक्षात आलं की त्यातलं बरंचसं मोडी या जुन्या मराठी लिपीत आहे, मराठवाड्यातलं तर उर्दूत आणि फारसीत आहे, आणि कचेरीत ते वाचणारा माणूस नाही. मोडी वाचक मिळवण्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत धावपळ सुरू झाली. लाखो कुटुंबांचं भवितव्य ज्या कागदांवर ठरणार होतं, ते कागद वाचू शकणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजावी लागली.

असा प्रसंग महाराष्ट्रावर पहिल्यांदा आला असंही नाही. १८५२ साली इंग्रजांनी कायदा करून इनाम कमिशनला अधिकार दिले. कोणाचं इनाम खरं, कोणाचं खोटं, कोणाच्या जमिनीला सारा माफ राहणार आणि कोणाला भरावा लागणार, हे जुन्या दफ्तरातले कागद पाहून ठरणार होतं. पुण्याच्या पेशवे दफ्तरात तेव्हाचे कागद आजही आहेत. कापडाच्या रुमालांत बांधलेले, हजारो रुमाल, कोट्यवधी कागद. रियासतकार गो. स. सरदेसाईंनी १९३० नंतरच्या मोजक्या वर्षांत त्यातून निवडून ४५ खंड छापले. ते झालं कारण त्यांच्या हाताखाली मोडी सराईतपणे वाचणारी माणसं होती. त्या काळी मोडी शाळेत शिकवली जायची, रोजच्या व्यवहारात होती. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर ती शाळेतून गेली आणि वाचणारे दर पिढीला कमी होत गेले. न वाचलेले रुमाल तसेच बांधलेले आहेत.

एक वर्ग दाखवते. तिसऱ्या वर्षाची एक मुलगी घरातला कागद घेऊन आली. आजोबांच्या ट्रंकेत लग्नपत्रिकांच्या खाली सापडलेला, घडीवर फाटलेला. मोडीचा कागद पहिल्यांदा पाहणाऱ्याला त्यात अक्षरं दिसतच नाहीत. लिहिणाऱ्याने आधी पानभर आडव्या रेघा ओढून घेतलेल्या असतात आणि मग बोरू फारसा न उचलता त्या रेघेखाली अक्षर अक्षराला जोडत नेलेलं असतं. दोन शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. वाचणाऱ्याने आधी ओळखीच्या खुणा शोधायच्या. 'मौ॥' म्हणजे मौजे, 'प॥' म्हणजे परगणे, 'सु॥' म्हणजे सुहूर सन, जुन्या मराठी कागदांतली कालगणना. मग सनाचे अरबी आकडे, एककापासून वर चढत जाणारे. 'इहिदे सितैन मया व अलफ' असं लिहिलेलं असलं तर एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे ११६१. पानिपतची लढाई या सनातली. हे वर्ष मृगाला बदलतं, म्हणून जानेवारीतल्या पानिपतासाठी त्यात ६०० मिळवायचे आणि १७६१ काढायचं. त्याच सनातल्या आषाढाच्या पत्रासाठी ५९९ मिळवायचे आणि १७६० काढायचं. एक वर्ष इकडे तिकडे झालं तर फौजा उत्तरेत निघण्याआधीच हरलेल्या दिसतील.

मुलीच्या कागदात फौजा नव्हत्या. दोन भावांनी विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या वाटून घेतल्या होत्या. इतके दिवस थोरल्याची मोट, इतके दिवस धाकट्याची, नाडा तुटला तर खर्च निम्मा-निम्मा, आणि शेवटी साक्षी. साक्षीदारांत गावचा सुतार होता. सुतार का, असा प्रश्न वर्गात आला आणि त्यावरून बलुतेदारीवर बोलणं झालं, कारण मोटेचं लाकूडकाम ज्याच्या हातचं, त्याची साक्ष धरली जाणं साहजिक होतं. मग मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, "मॅडम, गावात आमची वस्ती तेव्हाही होती. आमच्या लोकांचं पाणी कुठलं?" कागदात त्याचं उत्तर नव्हतं. कागदात ते का नाही, हाच त्या दिवसाचा धडा झाला.

तिथून आमचं बोलणं महाडच्या सत्याग्रहावर गेलं. मुलांना २० मार्च १९२७ ही तारीख माहीत असते. सीताराम केशव बोले यांचा १९२३ चा ठराव फार थोड्यांना माहीत असतो. मुंबई विधिमंडळाने तो मंजूर केला होता आणि त्यानुसार सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले होते. महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केल्याचं जाहीर केलं होतं. कागदावर हक्क होता, प्रत्यक्षात पाणी नव्हतं, म्हणून बाबासाहेब तळ्यावर गेले. त्यानंतरची कोर्टातली लढाई तर मुलांच्या कानावरच पडलेली नसते. विरोधकांचं म्हणणं होतं की तळं सवर्णांच्या वापराचं आहे आणि अस्पृश्यांना दूर ठेवण्याची वहिवाट अनादि काळापासूनची आहे. खटला जवळपास दहा वर्षं चालला. १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की अशी अनादि वहिवाट सिद्ध झालेली नाही. म्हणजे जी गोष्ट 'पूर्वापार चालत आलेली' म्हणून माणसांना पाण्यापासून तोडत होती, ती पुराव्याला उतरली नाही. पूर्वापार म्हणजे कधीपासून, कशावरून, कोणी लिहून ठेवलंय, हे विचारणं हेच इतिहासाचं काम. न्यायालयात ते वकिलांनी केलं. वर्गात ते मुलांना शिकवावं लागतं.

तुमच्यातले काही जण म्हणतील, इतिहास काय, मोबाइलवर हवा तेवढा मिळतो. तो मिळतो, म्हणूनच काळजी वाटते. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात झाला आणि 'ध चा मा' करणारी आनंदीबाई महाराष्ट्रात घराघरात ठाऊक आहे. वर्गात मी एवढंच विचारते, ज्या कागदावर 'धरावे'चं 'मारावे' झालं, तो कागद कुठे आहे? कोणी पाहिला? गोष्ट पहिल्यांदा कोणी, किती वर्षांनी लिहिली? त्यात कोणाचा फायदा होता? मुलं आधी गोंधळतात, मग हळूहळू त्यांना त्या प्रश्नांची सवय लागते. अशी सवय लागलेला मुलगा गावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री अकरा वाजता आलेला, कोणाच्या तरी पूर्वजांनी कोणाच्या तरी पूर्वजांना काय केलं हे सांगणारा मेसेज पुढे ढकलायच्या आधी थांबतो. अशा एका मेसेजने गाव बंद पडलेलं तुम्हीही पाहिलं असेल. दंगा शमवायला पोलीस लागतात, तो मेसेज पुढे न पाठवणारी माणसं वर्गात घडतात. त्या घडवण्याचा खर्च तुमच्या ताळेबंदात दिसतो, फायदा दिसत नाही, एवढंच.

तुमच्या संस्थांच्या आवारात संस्थापकांचे पुतळे आहेत. त्यांच्या जयंतीला आम्ही सगळे हार घालतो. या माणसांनी काय शिकलं आणि काय शिकवलं ते एकदा पाहा. पंजाबराव देशमुखांनी ऑक्सफर्डमध्ये वैदिक वाङ्मयातल्या धर्माच्या उगमावर आणि विकासावर प्रबंध लिहिला. पुढे तेच देशाचे कृषिमंत्री झाले आणि त्यांनीच अमरावतीला श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. वेदांवर प्रबंध लिहिणाऱ्याला शेतीही कळत होती. बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राबरोबर समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्र हे विषय घेतले. मे १९१६ मध्ये त्यांनी भारतातल्या जातींवरचा निबंध वाचला तो मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात. १९५० मध्ये त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय काढलं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखलं जाऊ लागलं. घरात पहिल्यांदा पुस्तक आलेली मुलं तिथे शिकली. म. ना. वानखेडे, गंगाधर पानतावणे यांच्यासारखी माणसं तिथे शिकवत होती, आणि दलित साहित्याच्या चळवळीला त्या आवारातून बळ मिळालं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९४७ मध्ये साताऱ्याला महाविद्यालय सुरू केलं. वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत बसवणाऱ्या माणसाला शिक्षण म्हणजे फक्त नोकरीचा कागद वाटला नव्हता.

आजही तुमच्या कला शाखेत कोण येतं ते बघा. एसटीच्या पासवर येणाऱ्या मुली, सकाळी दूध घालून येणारी मुलं, ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची पोरं. यातल्या कितीतरी जणींना बाहेरगावी पाठवायला घरचे तयार नसतात, आणि तालुक्याच्या गावात फी परवडेल असा वर्ग हाच असतो. तो बंद केला तर त्या बीसीएला जात नाहीत. त्या घरी बसतात आणि पुढच्या वर्षी त्यांच्या लग्नाची पत्रिका आमच्याकडे येते.

आता नोकरीचं. पालक मला विचारतात, "बी.ए. करून पोरगी काय करेल?" हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला मोठ्या शब्दांनी उत्तर देणं हा पालकांचा अपमान आहे. बी.ए. झालेली पुष्कळ मुलं बेकार आहेत हे मी रोज बघते. पण त्याचं कारण विषय आहे की शिकवण, हे नीट तपासलं पाहिजे. २०२३ च्या सुरुवातीला पुण्यात स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांनी मोठं आंदोलन केलं. लोकसेवा आयोग राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक पद्धतीने घेणार होता आणि मुलांचं म्हणणं होतं की आम्हाला वेळ हवा. आयोगाने ते मान्य केलं आणि नवी पद्धत २०२५ पासून लागू करायचं ठरवलं. मुलांचा राग मला समजतो. वर्षानुवर्षं पर्याय निवडायला शिकवल्यावर अचानक चार पानं स्वतःच्या शब्दांत लिहा म्हटलं तर कोणीही घाबरेल. पण ती चार पानं लिहायला शिकवण्याची जागा महाविद्यालयातला भाषेचा, इतिहासाचा, राज्यशास्त्राचा वर्ग हीच होती. त्या वर्गात मुलांना झेरॉक्सच्या नोट्स आणि अपेक्षित प्रश्नसंच मिळाले. मग तीच मुलं पुण्यात पेठेतल्या खोलीचं भाडं भरून, क्लासला पैसे मोजून तेच लिहिणं शिकायला गेली.

शिकवण का बिघडली याचं मोठं कारण तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. विभागात एक पूर्णवेळ प्राध्यापक आणि बाकी सगळे तासिका तत्त्वावर. नेट-सेट झालेली, पीएच.डी. असलेली माणसं तासाच्या हिशेबाने पगार घेतात, सुट्टीत तोही नाही, आणि पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही हे त्यांना माहीत नसतं. अशा माणसाने मुलांचे निबंध तपासून, लाल पेनाने सुधारून परत द्यावेत अशी अपेक्षा कशी धरायची? आमच्या बाजूलाही दोष आहेत आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. दहा वर्षं तेच टिपण वाचून दाखवणारे शिक्षक आहेत. पदोन्नतीच्या गुणांसाठी काढलेली, कोणीच न वाचलेली शोधपत्रं आहेत. मानव्यविद्यांची बाजू मांडायची तर असल्या शिकवण्याची बाजू मांडता येणार नाही. पण वर्ग नीट चालत नाही म्हणून वर्गच बंद करणं हा इलाज नव्हे. गणित नीट शिकवलं जात नाही म्हणून गणित बंद करा असं आजवर कोणी म्हटलेलं नाही.

विज्ञान आणि तंत्रज्ञान पुरेसं आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी १८९७ सालाकडे पाहावं. मुंबईत प्लेग पसरला होता. जानेवारीत वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईतच प्लेगची लस तयार केली आणि पहिली स्वतःला टोचून घेतली. म्हणजे त्या काळातलं सर्वोत्तम विज्ञान इथे हजर होतं. पण लोक टोचून घ्यायला धजत नव्हते, दवाखान्याला भीत होते, आजारी माणूस घरात लपवत होते. पुण्यात रँड या इंग्रज अधिकाऱ्याच्या प्लेग कमिटीने गोरे सोल्जर घरात घुसवले, देवघरापर्यंत, माजघरापर्यंत. बायकांची तपासणी कशी होते याच्या बातम्या गल्लीगल्लीत पसरल्या. २२ जूनच्या रात्री रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच साथीत मार्च महिन्यात सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करताना प्लेगने गेल्या. सावित्रीबाईंकडे लस नव्हती. पण आजारी पोराला उचलून दवाखान्यात नेणाऱ्या त्या बाईला घराघराने दार उघडलं असतं. रोग कळणारे होते, माणसं कळणारे सरकारात नव्हते. धरण बांधताना, औषधाची मोहीम काढताना, शेतकऱ्याला नवं बियाणं देताना हाच पेच पुन्हा येतो, आणि तो सोडवायला समाजशास्त्र लागतं, भाषा लागते, माणसाच्या भीतीचा इतिहास माहीत असावा लागतो.

आणि आता एआय आहे, सगळं तेच करेल, असंही ऐकू येतं. मोडीचंच पाहू. आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी २०२५ मध्ये मोडीचं देवनागरीत लिप्यंतर करणारं एक मॉडेल मांडलं. मला त्याचा मनापासून आनंद आहे. कोट्यवधी कागद माणसांच्या हातून वाचून व्हायचे नाहीत, यंत्राची मदत लागणारच. पण त्या यंत्राला शिकवायला दोन हजारांहून अधिक मोडी पानांच्या प्रतिमा आणि जाणकारांनी तपासलेली त्यांची लिप्यंतरं लागली. आणि उद्या यंत्राने वाचून दिलेल्या कागदात 'सलास'चं 'समान' झालं, तीनाचे आठ झाले, तर पाच वर्षांची चूक कोण पकडणार? ज्याला तो कागद स्वतः वाचता येतो तोच. मराठीचंही तसंच. यंत्राला अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी यावी असं वाटत असेल तर या बोली नीट नोंदवलेल्या हव्यात. डेक्कन कॉलेजने मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण हाती घेतलं, त्यासाठी गावोगाव जाऊन माणसांची बोली ध्वनिमुद्रित करावी लागली. ते काम भाषाविज्ञान शिकलेल्या मुलांचं आहे.

३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. महाविद्यालयांत कार्यक्रम झाले, ग्रंथदिंड्या निघाल्या. त्या दर्जासाठी रंगनाथ पठारे समितीने जो अहवाल तयार केला, त्यात मराठीचं प्राचीनत्व दाखवायला सातवाहनकाळापर्यंत मागे जाऊन शिलालेख, प्राकृत आणि महानुभाव वाङ्मय यांचे पुरावे गोळा करावे लागले. नाणेघाटातली ब्राह्मी वाचणारे, माहाराष्ट्री प्राकृत जाणणारे, महानुभावांची सांकेतिक लिपी सोडवणारे अभ्यासक आधीच्या पिढ्यांनी घडवले होते म्हणून आपल्याला पुरावा देता आला. नव्या शैक्षणिक धोरणात तर भारतीय ज्ञान परंपरा हा विषय सगळ्याच शाखांच्या मुलांना घ्यावा लागतो. तो शिकवायला संस्कृत, पाली, तत्त्वज्ञान आणि इतिहास यांचे शिक्षक लागतात. हेच विभाग तुम्ही बंद करत असाल तर तो विषय कोण शिकवणार? मी काही ठिकाणी तो वेळापत्रकात रिकामा तास असलेल्या कोणाच्याही गळ्यात पडलेला पाहिला आहे.

मला तुमच्याकडून सहानुभूती नको आहे, काही ठोस गोष्टी हव्या आहेत. पटसंख्या कमी म्हणून विषय बंद करण्याआधी शेजारच्या दोन-तीन महाविद्यालयांनी मिळून तो चालवावा. तत्त्वज्ञानाचे सहा विद्यार्थी इथे आणि पाच तिथे असतील तर अकरा जणांचा वर्ग होतो. शिक्षक आठवड्यातून दोन दिवस इकडे, तीन दिवस तिकडे जाऊ शकतो. मुलींच्या प्रवासाचा प्रश्न येईल, म्हणून शिक्षकाने फिरावं, मुलींनी नव्हे. विद्यापीठांनी त्याला मान्यता द्यावी यासाठी तुम्ही संस्थाचालकांनी मागणी केली तर ती ऐकली जाईल. आमची एकट्यांची ऐकली जात नाही. मंजूर पदं भरण्यासाठी तुम्ही मंत्रालयात जाता तेव्हा विज्ञान शाखेच्या पदांबरोबर ही पदंही त्याच कागदावर असू द्या.

दुसरं ओजेटीचं, म्हणजे 'ऑन द जॉब ट्रेनिंग'चं. पदवीच्या मुलांना प्रत्यक्ष कामाचा अनुभव घ्यायचा असतो आणि कला शाखेच्या मुलांना तो कुठे द्यायचा हे कोणालाच कळत नाही, म्हणून कुठल्या तरी ओळखीच्या दुकानाचं प्रमाणपत्र आणलं जातं. या मुलांना तहसीलच्या अभिलेख कक्षात पाठवा. नगरपालिकेच्या जुन्या ठरावांच्या वह्यांवर, गावातल्या जुन्या शाळेच्या रजिस्टरांवर, सार्वजनिक वाचनालयाच्या दप्तरावर पाठवा. कागद झटकणं, क्रम लावणं, सूची करणं, फोटो काढणं आणि वाचता येईल ते वाचणं, हे तीन महिन्यांत शिकवता येतं. भाषेच्या मुलांना गावातल्या म्हाताऱ्यांकडे पाठवा. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेली माणसं अजून आहेत, त्यांचं बोलणं त्यांच्याच बोलीत नोंदवून ठेवता येईल. अशा कामावर मूल्यमापन करा, त्याचे गुण द्या. अशी मुलगी कुठल्याही कचेरीत, वर्तमानपत्रात, वकिलाकडे किंवा डेटाचं काम करणाऱ्या कंपनीत गेली तरी तिला काम दाखवता येईल.

आणि मोडी. पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतं. तालुक्यातल्या एका महाविद्यालयाने जागा द्यायची, बाकीच्यांनी विद्यार्थी पाठवायचे, सुट्टीत वर्ग घ्यायचा, एवढ्याने सुरुवात होते. शिकवायला मी येईन, माझ्यासारखे आणखी शिक्षक येतील, त्यासाठी मानधनाचा विषय काढायची गरज नाही. पण वर्ग संपल्यावर शिकलेल्या मुलांना वाचायला खरे कागद मिळाले पाहिजेत, नाहीतर दोन महिन्यांत अक्षर विसरतं. त्यासाठी अभिलेख कक्षात जायची परवानगी लागेल आणि ती प्राध्यापकाच्या अर्जावर मिळत नाही, संस्थेच्या लेटरहेडवर मिळते. तहसीलदारांना द्यायच्या पत्राचा मसुदा मी तयार करून देते. त्यावर अध्यक्षांची सही आणि संस्थेचा शिक्का जून महिन्याच्या आत मिळावा, ही विनंती.

आपली नम्र,
तालुक्याच्या गावातली इतिहासाची एक प्राध्यापिका